पितळी तांब्यावरचा उजेड

“तांब्याच्या पोटावर एवढीशी जागा कोरी सोडली आणि अख्खे पितळ उजळवले. याला म्हणतात नजर.” शिरूरच्या प्रदर्शनात माझ्या दिवंगत पत्नीच्या चित्रासमोर एक चित्रकार असे म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मीही हात जोडले. ते विधान साफ चुकीचे आहे. का चुकीचे, हे मी आजवर कोणालाही – आमच्या मुलीलासुद्धा – सांगितलेले नाही.

नजर तिला होती, यात वाद नाही. राहू गावातल्या आमच्या घरातील वस्तू ती पेन्सिलीने काढीत असे – अडकित्ता, कान तुटलेला कप, किसणी. त्या किसणीवर बोट ठेवायला मी स्वतः कचरलो आहे. जे जसे आहे, ते तसे. दुसरा नियम तिला माहीत नव्हता. मग तांब्याला पोचा होता, तो तिने काढला नसेल?

काढला होता. इतका हुबेहूब, की भांडे किती जोराने आदळले असेल, हेही पाहणाऱ्याला कळावे.

सोसायटीच्या निवडणुकीतला पराभव मी हसत पचवला, असे गाव सांगते. तेही खोटे. त्या संध्याकाळी तिने एवढेच विचारले – जेवायला वाढू का? मी तांब्या भिरकावला. तिच्या खांद्याला लागून तो उंबऱ्यावर आपटला.

पुढे तिने तोच तांब्या चितारला. भावकीतली मंडळी चित्रे पाहायला येणार होती. पोचा कशाने पडला, असे कोणी विचारले असते तर? – मी खोडरबर उचलले. तिने पाहिले, आवाज चढवला नाही.

“आवो, पोचा पुसलाय तुम्ही,” ती म्हणाली. “आता ह्यो आपला तांब्या न्हाई. कुणाचा बी आसंल.”

तिने ती जागा पुन्हा भरली नाही. मी क्षमा मागितली नाही. ज्याला कौशल्य म्हणून वाखाणले जाते, तो माझा भेकडपणा आहे – आणि जिने एक रेघ कधी खोटी ओढली नाही, तिच्या नावावर मी तो खपू दिला.

म्हातारा बरळतो, असे कोणी म्हणेल. त्याने चित्र पुन्हा पाहावे. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, डाव्या हाताला. तिने काढलेल्या प्रत्येक वस्तूची उजवी बाजू सावलीत आहे. तो कोरा ठिपका उजवीकडे आहे.