अळंब्यांचा ग्रुप फोटो

टेंभी नाक्यावरच्या आमच्या स्टुडिओत रस्त्याकडच्या काचेत एकच फ्रेम राहायची. त्या फ्रेममध्ये मी काढलेलं नवरानवरीचं जोडपं होतं. नवरीच्या नथीतला मोती न् मोती दिसायचा. आमचं घर मिठागरात राबणाऱ्यांचं, शाळा मी चौथीत सोडली. पण नाक्यावरचे लोक थांबून तो फोटो बघायचे, आणि मी आतून त्यांना बघायचो. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झालेली तेव्हा.

मग मालकांनी डोंबिवलीचा एक मॅट्रिक झालेला माणूस कामाला घेतला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. मनात मी त्याला मॅट्रिकच म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी तो मालकांना विचारून भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काळं फडकं घेऊन येऊरच्या रानात जायचा. आज वर्तकनगर आहे ना, तिथून वर पायवाट होती. रानात जाऊन हा काढायचा काय, तर पानं, मुळं, शेवाळ.

"काय साहेब, आज कुठल्या झाडाचं लग्न होतं?" मी विचारायचो.

"लग्न मोडलं हो. वारा सुटला, नवरी हलली."

असा हसण्यावारी न्यायचा, त्याचाच मला जास्त राग.

भाद्रपदात त्याने एक फोटो धुतला. ओल्या कातळाच्या खाचेत नेच्याचं एकच कोवळं पान, अजून न उलगडलेलं, त्याच्यावरची लवसुद्धा दिसणारं. मालकांनी तो दारापाशी नेऊन दोनदा बघितला. दुसऱ्या दिवशी माझं जोडपं कपाटावर गेलं आणि काचेत तो पाला आला.

संध्याकाळी माझी बायको बाजाराला आलेली. काचेसमोर पिशवी खाली ठेवून उभी राहिली. माझ्या जोडप्यासमोर ती कधी अशी उभी राहिली नव्हती.

"अवो, ह्यो तुम्ही काढला?"

"नाही."

"वाटलंच," ती म्हणाली. "बघा तरी, पोराने झोपेत मूठ आवळलीय असं वाटतं."

ते 'वाटलंच' मला रात्रभर टोचलं. ठरवलं, काचेतली जागा परत घ्यायची, आणि रानातलाच फोटो काढून घ्यायची.

पुढच्या सुट्टीला कॅमेरा मी उचलला. येऊर चढताना खांदा सोलून निघाला. एका कुजक्या खोडावर अळंब्या उगवलेल्या, अख्खं कुटुंबच. तिपाई लावली, डोक्यावर फडकं घेतलं. दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, त्याची मला सवय होती. पण उलटं बघूनही कळत होतं की मंडळी नीट बसलेली नाहीत. एक उंच पुढे, दोन बुटक्या मागे दडलेल्या, टोप्यांवर माती. अशा अवतारात मी कोणाचा फोटो काढला नव्हता आणि काढणारही नव्हतो. रुमाल ओला करून एकेकीचं तोंड पुसलं. पुढची उंच अळंबी उपटून मागे रोवली, बुटक्या पुढे आणल्या. कडेची पानं झाडून काढली. मग लेन्सची टोपी उघडली आणि श्वास धरून उभा राहिलो. पान हललं नाही. नशीब बघा, माझ्या नवरीला वारासुद्धा लागला नाही.

फिल्म धुतल्यावर टोप्यांवर डाग दिसले. गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी पेन्सिलीने घालवायचो, तसे तेही घालवले.

मालकांनी फोटो उजेडात धरला. हसण्याने त्यांचं पोट हलायला लागलं.

"अरे, हा ग्रुप फोटो झाला! ह्यात वरबाप कोण?"

मॅट्रिक हसला नाही. "फोकस मात्र कडक आहे हो," म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. मागे रोवलेल्या अळंबीने मान टाकली होती, ते मला तेव्हा दिसलं.

काचेत पालाच राहिला. त्यात घरी बायकोचा हट्ट, "मला त्या मुठीची कॉपी पाहिजे." मी दोन महिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ती मॅट्रिककडेच मागायला निघाली, तेव्हा म्हटलं थांब. त्याला फोटो काढता यायचा, छापता यायचा नाही, सावल्या पार काळ्याकुट्ट करायचा. मी त्याची फिल्म घेऊन डार्करूममध्ये शिरलो आणि कागदामागून कागद फुकट घालवत बसलो, कातळाचा ओलावा दिसेपर्यंत. काचेतल्यापेक्षा माझी कॉपी उजवी होती. आजही आहे.

ती आमच्या ओटीवर लागली. पाहुणा आला की विचारतो, "कोणाचं काम?"

"मी छापलाय," मी सांगतो.

आतून चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबतो. "काढला कोणी, ते पण सांगा की!"

ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.