तणमोर न आलेले तीन पावसाळे

गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून माय माझ्याकडं शहरात, मस्तगडात राहायला आली. खाली माझं कपड्याचं दुकान, वर दोन खोल्या. आमचा राजूरकडचा चार एकर गवताचा माळ सोडून इथं बसायचं म्हणजे तिला कोंडवाडाच. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसायची, पण माय त्यांना पाखरं मानायला तयार नव्हती. बसून खाणारे फुकटे म्हणायची.

आमची मूळची मेंढरांची जात. आज्यापर्यंत कळप घेऊन फिरणारे, बापानं शेती धरली आणि मी धरली कात्री. मायनं मात्र अर्धं आयुष्य मेंढरामागं काढलेलं, त्यामुळं तिला भिंतीवरचं कॅलेंडर कधी लागलंच न्हाई, पाखरांवरूनच ऋतू कळायचा. थंडी पडली की घारीसारख्या भोवत्या येणार, गवताच्या शेंड्यावरून खाली खाली घिरट्या घालणार. उन्हाळ्यात माळ उघडा पडला की धाविक पळताना दिसणार, चार पावलं पळतील, थांबतील, पुन्हा पळतील. सकाळी पाखुर्ड्यांचा थवा पाण्यावर उतरणार. आणि पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं की तणमोर.

तणमोरावर तिचा लई जीव. कोंबड्याएवढा, काळा, डोक्यामागं तुरे. गवतात कुठं बसलाय बिलकुल कळत न्हाई. मंग एकदम टर्रर्र करून माणसाएवढी उंच उडी मारतो आणि पुन्हा गायब. दिवसभर हाच धंदा, का तर मादीनं बघावं म्हणून. तुझ्या बापानं माझ्यासाठी कधी एवढे कष्ट घेतले न्हाईत, असं ती बाप जिवंत असतानाही त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि बाप मिशीत हसायचा.

दर रविवारी मी मोटरसायकलवर माळावर जाऊन यायचो. परत आलो की चपला काढायच्या आधी हजेरी. कोण आलं, कोण गेलं, चंडोल वर चढून गातोय का, आणि शेवटी हळूच, "तो आला का?" मी बांधावर पाच मिनिटं उभा राहायचो, तेही डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून. दुकान नोकरावर सोडून आल्तो ना. तरी त्या पहिल्या पावसाळ्यात मला तो दिसला, आणि सांगितल्यावर मायनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दसऱ्यानंतर गवत कापायचं आलं. आमच्यात गवत कापायची एक रीत. बांधापासून एक चिंचोळी वाट कापत आधी माळाच्या मधोमध जायचं आणि तिथून बाहेर बाहेर यायचं. पाखरं, त्यांची पिल्लं पुढं सरकत बांधाच्या झुडपात निघून जातात. बांधाकडून आत कापत गेलं तर सगळी मधल्या तुकड्यात कोंडली जातात. मायनं मला निघताना बजावलं होतं, यंदा पाऊस लांबला, अंडी उशिरा घातली असतील, आठ दिवस थांब, आणि मधून कापायला सांग.

मी थांबलो न्हाई. दिवाळीच्या तोंडावर कपड्याच्या दुकानात काय गर्दी असते ते दुकानदारालाच विचारा. खांद्याला मशीन लावून कापणारा एक माणूस मिळाला. तो म्हणाला, मधून कापायचं तर दोन दिवस लागतील, बांधावरून गोल गोल आत गेलो तर दुपारपर्यंत मोकळा. मी म्हणालो, कर बाबा जल्दी.

दुपारी मधला शेवटचा तुकडा राहिला आणि मशीन थांबलं. त्यानं मला हाक मारली. गवतात हिरवट तपकिरी अंडी फुटून पसरलेली, बाजूला मादी पंख तुटून पडलेली. तो माणूस माझ्या तोंडाकडं बघून राह्यला. मी त्याला म्हणालो, वरून गवत टाक आणि उरलेलं काप.

घरी आल्यावर मायला सांगितलं, बराबर मधूनच कापलं.

पुढच्या पावसाळ्यात तो आला न्हाई. त्याच्या पुढच्याही न्हाई. भोवत्या आल्या, धाविक आले, चंडोल गायले, मी एकेकाची हजेरी देत राह्यलो आणि शेवटच्या प्रश्नाला मान हलवत राह्यलो. तिसऱ्या पावसाळ्यात मायनं विचारायच्या आधीच स्वतःला बोल लावायला सुरुवात केली. मी माळ सोडला म्हणून रुसला, म्हणायची. गुडघे घासत का होईना, तिथंच राहायला पाहिजे होतं. एक दिवस तिनं खरंच पिशवी भरली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. खाली उतरता येईना, म्हणून रडून राह्यली होती.

तेव्हा मला सहन झालं न्हाई. तिच्या खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मशीन, अंडी, मादी, वरून टाकलेलं गवत. वाटलं होतं शिव्या घालील, थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

ती लई वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मंग म्हणाली, "येईल तो. माळ जाग्यावर हाय तवर कुठूनबी येईल. मी न्हाई राहायची तवर." बंद सोडून म्हणाली, "आला म्हंजे मला सांगायला पळत येऊ नको. तिथंच बघत उभा राह्य."

त्या रविवारी मी दुकानाला कुलूप लावून गेल्तो. हेल्मेट काढलं, बांधावर बसलो, अंधार पडेपर्यंत बसून राह्यलो. चंडोल गायला, लावे गवतात बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो माळ ऐकला आणि त्यात जे नव्हतं तेच कानात भरून राह्यलं.

घरी आलो. मायनं ताट वाढलं, भाकरीवर ठेचा ठेवला, पाणी दिलं. कोण आलं, कोण गेलं, काहीच विचारलं न्हाई. मी घास हातात धरून तिच्याकडं बघत बसलो. विचार ना माय, एकदा तरी विचार.