लशीला उपाशीपोटी

लस घ्यायला उपाशीपोटी जायचं असतं, असं मी आमच्या गल्लीला ठणकावून सांगितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. अंबाजोगाईला साखर तपासायला उपाशी बोलावतात, म्हणजे सुईचा नियम सगळीकडं तोच, असं माझं मीच ठरवलं. चार बुकं शिकलेल्याला आमच्याकडं कुणी उलटं विचारत नाही. सकाळी अख्खी गल्ली बिनचहाची शाळेपुढं उन्हात उभी.

रांगेत माझी चुलतीही होती. तिला दमा. कोरोना झाला तर ही टिकायची नाही, हे आम्हाला दिसत होतं आणि ती मात्र "लशीनं माणूस मरतंय म्हणं" एवढं एकच धरून बसलेली. बायकोनं किती मिनतवाऱ्या करून तिला शाळेपर्यंत आणली होती! तिला धीर यावा म्हणून मी पुढं झालो, ऐटीत बाही सारली. नर्सबाईंनी दंडाला कापूस लावला आणि मी आडवा.

डोळे उघडले तेव्हा नर्सबाई ओरडत होत्या, "अहो, अजून टोचलंच नाही!" पण ऐकायला रांग होती कुठं? चुलती तर पदर खोचून घराच्या वाटेला लागलेली.

"नुसत्या कापसानं ही गत, सुईनं काय व्हईल!"

बायको मला तिथंच टाकून तिच्यामागं पळाली. मी डुलत डुलत घरी पोचलो, तर चुलतीपुढं बायकोनं माझाच पाढा लावला होता. लेकीचे कान टोचताना मी कसा पडलो, दाढ काढायला गेलो तर खुर्चीत बसण्याआधीच कसा घसरलो. शेजारची फळवाली भाभी दारातून म्हणाली, "काकू, टरबूज कापताना बोट माझं कापलं, अन् पडले कोण? ह्ये!"

चुलती खोकला येईस्तोवर हसली.

"म्हंजी लशीचा दोष न्हाई. आमचं पोरगंच लई नाजूक हाय. वाढ गं भाकरी, खाऊन जाऊ."

जेवून आम्ही पुन्हा शाळेत गेलो. चुलतीनं डोळ्याची पापणीही न हलवता सुई घेतली. मग माझी पाळी आली, तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तिकडं बघू नगं, बाबा." तिला ठणठणीत बघून गल्लीही हळूहळू परतली, भरल्या पोटानं.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, दुसऱ्या डोसाला कधी निघायचं?

"मी कावून येऊ?" ती म्हणाली. "काकू नेतील की तुमाला."