आमच्या पिक्चरचा दुसरा भाग आणि विजूदादा

आमच्या पिक्चरचा डायरेक्टर आज सकाळी गेला.

विजूदादा. पांढरकवड्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या लग्नाच्या कॅसेटी त्यानंच काढल्या असतील.

पण आमच्यासाठी तो डायरेक्टर. आणि मी त्याची हिरोईन.

हसू नका. खरंच होते.

सीडीचा जमाना होता. दादानं एक वऱ्हाडी लव्ह स्टोरी काढली. पोरगी आमच्यासारख्या बौद्ध वस्तीतली, पोरगा बंजारा तांड्यावरचा. तिला त्यांची गोरबोली भाषा कळत नाही, त्याच्या घरचं कुणी कधी विहारात गेलेलं नाही. शेवटी दोघांचा साखरपुडा होतो आणि पिक्चर संपतो.

हिरो माझ्या कॉलेजातला अर्जुन. खराखुरा तांड्यावरचा. लव्ह सीनमध्ये माझ्याकडे बघायचं सोडून मागच्या म्हशीकडे बघायचा.

तरी सीडी चालली. बाजाराच्या दिवशी दुकानादुकानात आमचाच पिक्चर. आणि जो भेटेल तो एकच विचारायचा, "मंग लग्न झालं का नाई?"

ते वर्ष कापसाचं वाईट होतं. भाव पडलेला. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. ठरलेली लग्नं पुढं ढकलली जात होती आणि दादाचा कॅमेरा कपाटात पडून होता.

"कोनी लग्न करून नाई राह्यलं," दादा म्हणाला, "तं आपनच लावू. दुसरा भाग काढू."

मी उड्या मारतच घरी गेले.

बाबा म्हणाले, "नाई."

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. कमी बोलायचे. त्यांचं 'नाई' म्हणजे विषय संपला.

"पोट्टीचं एकदा पिक्चरात लग्न लागलं, तं मंग खरं स्थळ कोन आनन?"

दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. मला वाटलं, आता हा बाबांना तासभर समजावणार. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला,

"काका, हिरोईनच्या बापाचा रोल हाय. तुमीच करा. पोरगी तुमच्या डोयासमोर राहीन."

बाबांनी विचारलं,

"बाप काय करते त्या पिक्चरात?"

"लग्न मोडते."

"मंग जमते," बाबा म्हणाले.

सीन असा होता. साखरपुड्यानंतर पोरगी सासर बघायला तांड्यावर येते. मागून बाप येतो, सोयरीक मोडतो, तिला ओढत घरी नेतो. तिथून पुढं अर्धा पिक्चर नुसती भांडणं.

बाबांनी जीव ओतून डायलॉग पाठ केला. आंघोळ करतानाही आवाज यायचा, "हे सोयरीक मोडली!"

शूटिंग अर्जुनच्याच अंगणात. सासूच्या रोलमध्ये त्याची खरी आई. तांड्यावरची पोरं तिला याडी, म्हणजे आई, म्हणत, म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो. तिला डायलॉगच नव्हता. "दारात उभी राय, बस," एवढंच दादानं सांगितलेलं.

ॲक्शन.

बाबा तावातावानं आले. बोट वर केलं.

याडी म्हणाली, "पयले जेवा."

बाबा अडकले. पुन्हा सुरू केलं, "हे सोयरीक..."

"सोयरीक मंग मोडा. उन्हाचे आले तुमी. बसा."

आणि तिनं खरंच बाज टाकली. खरंच ताट आणलं. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा.

मी दादाकडे पाहिलं. आता कट म्हणेल. पण त्यानं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. एक हात मागं करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

बाबा बसले. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. याडी समोर बसून माश्या हाकलत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून भाकर मोडता मोडता म्हणाले,

"मंग लग्न कधीचं धरता?"



आणि अशा शिट्ट्या पडल्या की बांधलेली बैलजोडी बिचकली.

"दादा, आता पुढची स्टोरी?" अर्जुन घाबरला होता.

"गेली स्टोरी उडत. आता डायरेक्ट लग्न." दादाचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. जत्रेत सुटलेल्या पोरासारखा.

परत येताना मी बाबांना विचारलं, "डायलॉग विसरले होते का?"

"नाई. तोंडात त्याइचाच घास. मोडली म्हनू कसं?"

लग्नाच्या सीनला दादानं मोजकेच लोक बोलावले होते. आला सगळा तांडा. आली आमची अख्खी वस्ती. बाया नवी लुगडी नेसून, पोरं तेल लावून. काही जणी तर आहेर घेऊन आल्या.

"अवो मावशी, खोटं लग्न हाय हे," दादा सांगून सांगून थकला.

"असू दे ना. नाचाले काय होते?"

आधी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना झाली. मग याडी आणि तांड्यावरच्या बायांनी गोरबोलीत गाणी धरली. मला एक शब्द कळला नाही. पाय मात्र थांबेनात. त्या वर्षी पहिल्यांदा इतकी माणसं एकत्र हसताना पाहिली.

दादानं कॅमेरा स्टँडवर लावला आणि स्वतःच मध्ये घुसला. कुणाकडे ती सीडी असेल तर बघा, शेवटच्या गाण्यात डायरेक्टरच सगळ्यात पुढं नाचतोय.

दुसरा भाग जिल्हाभर, नेरपासून ढाणकीपर्यंत गेला. बाबांना बाजारात लोक थांबवायचे. बाबा लाजायचे, पण इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

माझं खरं लग्न नंतर दुसऱ्याशी झालं. स्थळ बाबांनीच आणलं. शूटिंग दादाचंच. अर्जुन पंगतीत वाढत होता.

मागच्या महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात दादाला भेटले. किडनी गेली होती. सिस्टरला म्हणाला, "हे माही हिरोईन." तिनं सहज विचारलं, "कोणता पिक्चर?" झालं. धाप लागत होती, तरी पठ्ठ्यानं दोन्ही भाग सांगितले. हातवारे करून. शेजारच्या कॉटवरचे पेशंट उठून बसले होते.

आज बाबांना बातमी सांगितली. त्यांचं वय झालंय, कानाला कमी येतं. दोनदा सांगावं लागलं. मग काठी शोधायला लागले.

"बाबा, तुम्हाला झेपणार नाही."

"विजूले पोचवाले मी येतो."

निघतोय आम्ही. अर्जुन गाडी घेऊन येतोय.

दादा, तू होतास म्हणून त्या वाईट वर्षातही आमच्याकडे एक लग्न झालं.

तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून निरोप. जय भीम.