उन्हाला अरेतुरे करणाऱ्या थोरल्या बाई

आमच्या थोरल्या बाई उन्हाशी भांडायच्या. चैत्र संपत आला की रोज सकाळी त्या अंगणात यायच्या, डोळ्यांवर हात धरायच्या आणि गल्लीतल्या वाह्यात पोराला सुनवावं तसं वर बघून सुनवायच्या, "आलास का? ये. तप किती तपायचं ते. या घरातलं कुणी तुला सापडायचं न्हाई." सूर्याला हात जोडणारी माणसं मी माहेरी पुष्कळ पाहिली होती. त्याला अरेतुरे करणारी बाई लग्न होऊन इथं आल्यावरच पाहिली. पहिल्या उन्हाळ्यात तर मला वाटलं, या जाऊबाईंचं डोकं जरा फिरलेलं असावं.

माझं माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेत. सासर पेडगाव स्टेशनापासून कोसभर आत, एका लहानशा खेड्यात. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. घरात थोरल्या बाई, माझे मालक आणि मी अशी तीनच माणसं. थोरले दीर मी यायच्या आधीच वारले होते. सासूबाई तर मालक रांगत असतानाच गेल्या, त्यामुळे या धाकट्या दिराला थोरल्या बाईंनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. गाव त्यांना थोरल्या बाई म्हणे, आणि त्यांच्याहून म्हाताऱ्या बायकाही तसंच म्हणत.

वैशाखात त्या घराचा दिवसच उलटा करून टाकायच्या. कोंबडं आरवायच्या आत गडीमाणसं शेतात, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला. ऊन अंगावर यायच्या आत परत. मग जेवणं उरकली की दाराला अडसर, आणि अडसराला पाठ लावून थोरल्या बाई. कैरीचं पन्हं नाहीतर ज्वारीची आंबील पोटात गेल्याशिवाय कुणाची सुटका नसे. बैलांनाही तोच कायदा. शेजारचा एकजण दुपारी बैल हाकत निघाला, तर यांनी त्याला वाटेत अडवून विचारलं, की बैलाला बोलता येत न्हाई म्हणून त्याला ऊन लागत न्हाई व्हय? तो बिचारा बैलांसकट मागं फिरला.

गावात याची चेष्टा व्हायचीच. पारावर बसून लोक म्हणत, त्यांच्या घरचा गडी दुपारी बायकांसारखा आत बसून राहतो. मालकांना ते फार लागायचं. ते जेवता जेवता कुरकुरले, की थोरल्या बाई पानात भाकरी टाकत म्हणायच्या, "हसू द्या त्यांना. हसून घ्यायला तरी जिते हायती न्हवं." मालक मग ती भाकरी मोडून कालवणात बुडवायचे.

एके दिवशी मात्र पारावरचं बोलणं त्यांना फारच झोंबलं. मागच्या दारानं गाडी जुंपून ते भर दुपारी पऱ्हाट्या आणायला गेले. तासाभरानं चार माणसांनी त्यांना उचलून आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, डोळे अर्धे मिटलेले. शेजारणी धावल्या. ताप म्हटला की पांघरूण, हीच आमच्याकडची रीत. एकीनं त्यांच्यावर घोंगडी टाकली, दुसरी तांब्या घेऊन तोंडात पाणी ओतायला वाकली. थोरल्या बाईंनी घोंगडी ओढून अंगणात भिरकावली आणि तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. "शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी वतशील, तर उन्हाचं काम तूच पुरं करशील," त्या म्हणाल्या. मालकांना आतल्या खोलीत गार भुईवर निजवलं, धोतर भिजवून अंगभर गुंडाळलं, आणि सूप माझ्या हातात देऊन वारा घाल म्हणून सांगितलं. धोतर सुकलं की त्या पुन्हा भिजवत. माझे हात गळून गेले तरी त्यांनी मला थांबू दिलं नाही. दिवेलागणीला मालकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठं त्या भिंतीला टेकल्या.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांच्या माहेरी एकदा कुणी सरकारी साहेब दौऱ्यावर आला होता. त्याचे तंबू वाहायला भावाला वेठीला धरलं. ज्येष्ठाचं ऊन, मैलोगणती चाल, मजुरी नाही आणि वाटेत थांबायची मुभा नाही. भाऊ रस्त्यातच पडला तो उठला नाही. "लोक म्हणाले उन्हानं मारलं," थोरल्या बाई म्हणाल्या, "पर ऊन काय त्याला घरातून न्यायला आलं व्हतं?" मग माझी समजूत बदलली. सकाळी अंगणात उभं राहून त्या वरच्या एकट्यालाच सुनावत नव्हत्या.

मालक उठून हिंडूफिरू लागले, पण त्यांच्यात जीव असा राहिला नव्हता. चार पावलं उन्हात गेले तरी भोवळ यायची. पुन्हा ऊन लागलं तर हातचा जाईल, हे थोरल्या बाईंनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. मी तेव्हा पोटुशी होते. नेमका त्याच वेळी चावडीवर हुकूम आला. साहेब दौऱ्यावर निघालेत, भर दुपारच्या गाडीनं पेडगावला उतरतील, गावातल्या सगळ्या बैलगाड्या सामान न्यायला स्टेशनावर हजर पाहिजेत. ज्याची गाडी त्यानंच हाकायची. शिपाई घरोघरी सांगून गेला.

थोरल्या बाईंनी त्याला सांगून पाहिलं, दिवस कलला की सगळ्या गाड्या येतील. तो म्हणाला, साहेब थांबणार नाहीत. त्या बरं म्हणाल्या आणि घरोघरी फिरल्या. जुवाच्या दोन्ही टोकांना बैलाची मान अडकवायला लाकडी खुंट्या असतात, त्यांना शिवळा म्हणतात. त्या काढून घेतल्या की गाडी जुंपता येत नाही. थोरल्या बाईंनी गावातल्या एकूणएक गाडीच्या शिवळा काढल्या, ओटीत भरल्या आणि घरी येऊन अडसराला पाठ लावून बसल्या. बायकांनी त्यांना शिवळा काढू दिल्या आणि पुरुषांनी तिकडं बघितलं नाही. कारण दुपारी जायचं कुणाच्याच जिवावर आलं होतं, फक्त नाही म्हणायला पुढं व्हायची कुणाची तयारी नव्हती.

साहेब स्टेशनावर ताटकळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाच्या तरी छकड्यातून गावात आला आणि सजा फर्मावून चावडीत जाऊन बसला. गाडीवाल्यांनी मावळतीपर्यंत चावडीपुढच्या पटांगणात उन्हात उभं राहायचं, खाली बसेल त्याला फटके. मालकांना साहेबाबरोबरच्या दोघा जवानांनी दंडाला धरून नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. थोरल्या बाई तोवर विहिरीकडे निघाल्या होत्या, हातात त्यांचं ठेवणीतलं लुगडं.

आमच्याकडे लग्नात वरमाय निघाली की चौघीजणी तिच्यावर कापड धरून चालतात, त्याला चांदवा म्हणतात. विधवा बाईला त्या चांदव्याला हात लावू देत नाहीत. थोरले दीर गेल्यापासून थोरल्या बाईंनी कधी त्याचं टोक धरलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भिजवलेलं लुगडं पटांगणात उलगडलं, शेजारच्या तिघींना तीन टोकं दिली, चौथं स्वतः धरलं, आणि उभ्या माणसांच्या डोक्यांवर चांदवा ताणला. कुणी कुणाला विधवा म्हणालं नाही.

शिपाई धावत आला आणि हे कुणाच्या हुकमानं म्हणून ओरडला. थोरल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सजा उभं ऱ्हायाची हाय न्हवं? उभेच हायती समदे. सावली धरायची न्हाई असाबी हुकूम असंल, तर साहेबाला म्हणावं, भाईर उन्हात येऊन सांग." शिपाई आत गेला. आम्ही सगळ्या चावडीच्या दाराकडे बघत राहिलो. साहेब बाहेर आला नाही. शिपाईही आला नाही.

मग घराघरांतून लुगडी आली. मी घागरी भरून देत होते, बायका कापड भिजवत होत्या. टोकं धरणाऱ्या उन्हातच उभ्या होत्या, म्हणून थोड्या थोड्या वेळानं दुसऱ्या येऊन त्यांना मोकळं करत. थोरल्या बाईंनी आपलं टोक कुणालाच दिलं नाही. मी हात पुढं केला तर त्या खेकसल्या, "पोटातल्याला घिऊन सावलीत हो." अख्ख्या घराला दुपारी कोंडून ठेवणारी ही बाई दिवस मावळेपर्यंत उन्हात उभी राहिली. मालक स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. थोरल्या बाई उंबऱ्यात कोसळल्या.

त्यांनी मालकांसाठी केलं ते सगळं मी त्यांच्यासाठी केलं. घोंगडी कुणाला जवळ आणू दिली नाही, तांब्या कुणाला उचलू दिला नाही. त्या वाचल्या. पण चाल डगमगती झाली आणि जीभ जड झाली. ज्या बोलण्याला गाव वचकून असे ते अडखळू लागलं. एकेका शब्दासाठी त्यांना कपाळाला आठ्या घालाव्या लागत. हे बघून मला साहेबाचा इतका संताप यायचा, की आज इतक्या वर्षांनीही तो निवलेला नाही. निवावा असं मला वाटतही नाही.

पुढच्या वैशाखात तोच शिपाई गाड्या सांगायला आला. माझी लेक तेव्हा मांडीवर होती. थोरल्या बाई भिंतीला धरत धरत ओसरीवर आल्या. बराच वेळ ओठ हलले. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "दिवस... कलल्यावर." शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि बरं बाई म्हणाला. त्यांनी मला खुणेनं त्याला पाणी द्यायला सांगितलं. ते पिऊन तो ऊन उतरेपर्यंत आमच्याच ओसरीवर बसून राहिला. नंतर गाड्या निघाल्या. भर दुपारी आमच्या गावातून वेठीची गाडी पुन्हा कधी गेली नाही, आणि काही वर्षांनी ते राज्यच गेलं.

थोरल्या बाई त्याआधीच्या पौषात गेल्या. मालकांनी त्यांना खांदा दिला. त्यानंतर त्या माणसानं पुष्कळ उन्हाळे पाहिले, लेकीचं लग्न पाहिलं, नातवंडं खेळवली. त्यातला एकेक उन्हाळा थोरल्या बाईंनी चावडीतल्या साहेबाच्या हातून हिसकावून आणला होता.