घडीमास्तरांची करसवलत

सकाळपासून नुसतं मळभ. ऊन नाही, वारा नाही, दोरीवरचे कपडे काल होते तितकेच ओले. असल्या दिवशी इस्त्रीवाल्या घडीमास्तरांचा धंदा जोरात. लोक दमट शर्ट आणून टाकत, मास्तर इस्त्री फिरवत, चर्र आवाज होई, वाफ वर येई आणि त्यात मास्तरांचा चष्मा गायब होई. पन्नाशी उलटलेला सडाफटिंग माणूस.

दुकान अर्धं त्यांचं, अर्धं टेलरबाईंचं. मध्ये एक पडदा. बाईही एकट्याच, आणि जिभेला कात्रीची धार. त्यांना लग्नाचं विचारायचं म्हणून मास्तर कितीतरी वर्षं नुसता घसा खाकरत होते. यांना वाफ बाधते, असं समजून बाई त्यांना खोकल्याच्या गोळ्या देत.

त्या सकाळी वरच्या मजल्यावरचे करसल्लागार कोट टाकायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, नव्या नियमाने एकट्या माणसाला कर जास्त बसतो. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरतात, घसघशीत सूट मिळते."

मास्तरांना गगन ठेंगणं झालं. प्रेमाबिमाचं बोलायला जीभ रेटत नव्हती, पण कराबद्दल काय, कुणीही बोलतं! त्यांनी पडदा सारला.

"बाई, आपण दोघं उगाच सरकारची धन करतोय."

बाईंच्या तोंडात टाचण्या. "हं?"

"लग्न केलं तर सूट आहे."

"कुणाशी?"

"म्हणजे... सोयीचं पडेल असं. जवळपासच. पडद्याच्या अलीकडे-पलीकडे."

बाईंनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "चला वर. काय ते खरंखोटं करून घेऊ."

सल्लागारांनी कॅल्क्युलेटर बडवला आणि तोंड वाकडं केलं. "सूट कुणाला? एक कमावतो नि दुसरा घरी बसतो, त्यांना. तुम्ही दोघंही कमावता. दोन उत्पन्नं एकावर एक चढली की थेट वरच्या दरात जातात. लग्न केलंत तर कर वाढेल. माझं ऐका, आहात तसेच राहा."

मास्तरांचं तोंड धुतलेल्या रुमालासारखं चुरगळलं. तरी त्यांनी नेट धरला. "मग मी कमावणं सोडतो!"

"आणि काय कराल?"

"घरी बसून इस्त्री करीन."

"कुणाच्या कपड्यांना?"

"लोकांच्या."

"पैसे घेऊन?"

"म्हणजे काय, फुकट करू?"

सल्लागारांनी कपाळाला हात लावला. बाई टेबलाला धरून खो खो हसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मास्तर, लग्नात नुकसान आहे, कळलं ना? आता विचारा काय विचारायचं ते."

मास्तरांनी घसा खाकरला. सल्लागारांनी लगबगीने पाणी पुढे केलं.

"पाणीबिणी नको," बाई म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना."

"बाई... तोट्यात याल का?"

"येते. अर्धा तोटा माझा. पण यापुढे मला काही विचारायचं असलं तर सरकारला मध्ये घालू नका."

"मी नको म्हणालो होतो बरं का," सल्लागार म्हणाले. "नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

खाली एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. "झाला का शर्ट?"

"मी लग्न करतोय," मास्तर म्हणाले.

"बरं. आणि शर्ट?"

मास्तरांनी शर्टावर पाण्याचा हात मारला, कॉलर सरळ केली आणि इस्त्री टेकवली.