सोयरे नसलेलं गाव

खानदेशात असं एखादं गाव शोधून दाखवा, जिथे आपला एकही सोयरा नाही. मी शोधलंय. पलंगभर नकाशा पसरून, कानाला फोन चिकटवून, गॅसवरची भाजी करपवून शोधलंय, म्हणून सांगते, सोपं नाही ते.

शोधायला लावलं माझ्या थोरल्या बहिणीने. तिला मी अक्का म्हणते. आमचं माहेर अमळनेरचं. तिला दिली धुळ्याला, मला जळगावला. भाऊबीज झाली की दरवर्षी आठवडाभर आम्ही दोघी माहेरी. तो आठवडा अक्काचा हक्काचा. बाकीचं वर्ष ती कुणाची तरी कुणीतरी असते. मोठ्या घरातली थोरली सून, दिरांची वहिनी, गल्लीतल्या अर्ध्या पोरांची मोठीआई. मग आई गेली, वडील गेले, भावाने घर विकून सुरत गाठलं. आता भाऊबीजेला तोच येतो, ओवाळून घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याचं काही चुकलं असं नाही. पण आमचा आठवडा गेला तो गेलाच.

गेल्या दिवाळीच्या आधी अक्काचा फोन आला. "माहेर गयं, पन आठवडा त मनाच शे ना?"

आठवडा तिचाच, पण न्यायचा कुठे, ते मला आधी कळेना. मग तिने सांगितलं, डोंगरात जायचंय. आठवडाभर. पायी फिरायचंय. धुळ्याला तिच्या गच्चीवरून लळिंगचा डोंगर दिसतो. पापड वाळत घालताना रोज बघते, म्हणे, आणि रोज तो तिथेच असतो नि ती इथेच. त्यात सुनेला दिवस गेले होते आणि जानेवारीत मुलगा अक्काला बेंगळुरूला नेणार होता. एकदा गेली की बाळ शाळेत जाईपर्यंत ती काही सुटत नाही, हे आम्हा दोघींना न बोलता ठाऊक होतं. म्हणजे असला तर हाच एक आठवडा.

मी अक्षरशः उडी मारली. मी शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर सह्याद्री इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटून काढीन, पण अजिंठ्याच्या पायऱ्यांपलीकडे कुठलाही डोंगर पायाखाली घातलेला नाही. त्याच दिवशी शाळेतून येताना मी दोघींसाठी बुटांचे जोड घेऊन आले. गावाचा पत्ता नाही आणि बूट तयार! आमच्या ह्यांनी बूट पाहिले, मला पाहिलं आणि शहाण्या माणसासारखे पेपर वाचत बसले.

आता गाव. एसटीने घाटाचं नुसतं नाव काढलं तरी अक्काला लिंबू हुंगावं लागतं, म्हणून जायचं ते रेल्वेनेच. रोज बोचकं बांधा आणि रोज सोडा, हे काम लग्नघरात केलंय तेवढं पुरे. म्हणून मी ठरवलं, मुक्कामाची गावं दोनच, अर्धा आठवडा इथे, अर्धा तिथे. स्टेशनापासून एका जीपच्या अंतरावर, अंगणातून थेट डोंगराची वाट निघणारी, आणि जिथे उतरायचं त्या घरात बाईमाणूस असलेली. एवढं झालं की झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात अक्काने तिची अट सांगितली.

"असं गाव देख, जठे आपलं कोनीच नही."

तिला कुणाच्या घरी वहिनी म्हणून, मामी म्हणून, व्याहीण म्हणून उतरायचं नव्हतं. एकदा तरी नुसतं उतरायचं होतं. ऐकताना मला हसू आलं आणि मी पलंगभर नकाशा पसरला.

मग सुरू झाला आमचा खेळ. मी नकाशावर बोट ठेवायचं आणि अक्काने ते उडवून लावायचं. तोरणमाळ म्हटलं, तर वाटेत शहाद्याला तिचे व्याही. त्यांना न भेटता पुढे गेलो तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. पाटणादेवीकडे बोट नेलं, तर दाजींचे मावसभाऊ. सातपुड्याच्या कडेने यावलकडे सरकले, तर तिथे चुलत नणंदेची जाऊ दिलेली. त्या बाईला अक्का आयुष्यात एकदाच भेटली होती, तेही एका बारशाला, पण नातं ते नातं. मी चिडून म्हटलं, "अगं, तू जनगणनेला असायला हवी होतीस." ती म्हणाली, "पुढे देख." हे आतल्या खोलीतून ओरडले, "लोक ओळखीचं माणूस असलेलं गाव शोधतात, तुम्ही उलटं काय चालवलंय?" मी भाजीकडे धावले, तोवर तिचा कोळसा झाला होता.

शेवटी दोन गावं टिकली. एक चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीतलं. दुसरं बारी, कळसूबाईच्या पायथ्याचं, घोटी स्टेशनापासून जीपने जाता येईल असं. पहिल्या गावाबद्दल अक्काने दोन दिवस डोक्याला ताण दिला आणि निर्वाळा दिला, तिथे आपलं कोणी म्हणजे कोणी नाही. मी त्या गावाला लाल गोल केला. मला इतका आनंद झाला की वर्गात मुलांना उगाचच पाच मिनिटं आधी सोडलं.

भाऊबीज उरकली आणि निघालो. मी जळगावहून, ती धुळ्याच्या गाडीने, भेटायचं चाळीसगावला. नऊवारी सोडून ती पाचवारीत आली होती, पायात मी पार्सलने पाठवलेले बूट, खांद्यावर लेकीच्या पोराची जुनी शाळेची सॅक. ओळखू येईना! आम्ही फलाटावरच एकमेकींना मिठी मारली. एक हमाल बघत राहिला.

आणि तेवढ्यात माशी शिंकली. पांढरी टोपी घातलेले एक आबा हात पसरून समोर आले. "या माय, या! आमनं घर र्‍हातांना लोकसना घर कसाले?"

झालं होतं असं. निघताना अक्काने जाऊबाईंना गावाचं नाव सांगितलं होतं. घरात सांगायचं नाही असं कधी असतं का? जाऊबाईंनी त्यांच्या माहेरी फोन केला, माहेरहून मामांना, आणि त्या मामांच्या सुनेचे वडील म्हणजे हे आबा. आम्ही नातं जिथवर खोदलं होतं, त्याच्या फक्त एक हात खाली ते निघालं. घरगुती मुक्काम मी ठरवला होता, तो आबांनी आमच्या आधीच जाऊन रद्द केला होता. जीप स्टेशनाच्या दारात उभी.

पाहुणचाराला नावं ठेवणार नाही, ठेवली तर जीभ झडेल. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, पाटोड्यांचा रस्सा. पण ओट्यावर बसलं की डोंगर समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही काही केल्या तिथवर पोचत नव्हतो. सकाळी बूट घातले की कुणीतरी नाश्ता आणायचं. नाश्ता संपला की शेजारच्या घरचं बोलावणं. ऊन झालं की आबा म्हणायचे, "आते कोठे उनमां जाशात? डोंगर काय पयी जाई र्‍हायना का?" डोंगर नव्हता पळत, आमचा आठवडा पळत होता. दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. पुरणाचे मांडे करण्यात अक्काचा हात धरणारं कोणी नाही, ही बातमीही फोनवरून तिच्या आधी पोचली होती. मी परसात जाऊन आले तोवर ती चुलीपुढे! पदर खोचलेला, मनगटावर मांडा फिरतोय, शेजारच्या बाया कडेने बसून बघताहेत. नवे बूट दाराशी, सगळ्यांच्या चपलांखाली दबलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला परसात ओढलं आणि खालच्या आवाजात जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. एवढं गाव शोधलं, ते काय इथे येऊन मांडे करायला? तिच्या हाताला पुरण लागलं होतं. डोंगराकडे बघत ती एवढंच म्हणाली, "नही म्हनता येत नही ना माले." तिचे डोळे भरले होते. माझा राग तिथल्या तिथे विरला. बाकी काही का होईना, हिचा आठवडा असा जाऊ द्यायचा नाही, असं मला फार वाटलं. पण करायचं काय, ते सुचेना. जेवल्याशिवाय उठू न देणाऱ्या माणसांपुढे भूगोल काय कामाचा?

वाट अक्कानेच काढली. पंगत उठल्यावर ती आबांसमोर गेली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "आबा, माले कळसूबाईनी ओटी भरानी शे. बोलेल शे मी."

आबा ताडकन उठले. "पहिले सांगानं ना माय!"

देवीच्या वाटेत कोणी आडवं येत नाही. ओटीचं बोलून ठेवलंय म्हटल्यावर तर नाहीच नाही. ज्या घरात दोन दिवस आमचे बूट उंबऱ्याबाहेर पडत नव्हते, त्या घरात आता आम्हाला घालवायची घाई सुरू झाली. खण आला, नारळ आला, तांदूळ आले. आबांच्या बायकोने स्वतःच्या नावाचं हळदीकुंकू पुडीत बांधून दिलं. जीप आली. स्टेशनवर आबांनी आम्हाला खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मला त्यांची माया कळत होती आणि तरी गाडीने वेग घेतल्यावर मी सीटवर बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या.

"ओटीचं कधी बोलली होतीस?" मी विचारलं.

"आत्तेच, मांडा करता करता," अक्का म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून खुदखुदत राहिली.

मनमाड गेलं, नाशिक गेलं, घोटीला उतरलो तेव्हा फलाटावर आमच्यासाठी कोणीही उभं नव्हतं. अक्काने दोन्ही बाजूंना नीट पाहून खात्री करून घेतली. जीपमध्ये तिने लिंबू हातात धरलं, पण हुंगलं नाही. बारीत ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली आणि त्या गोठ्याकडे निघून गेल्या. आम्ही कोणाच्या, कोणत्या घरच्या, काही चौकशी नाही. संध्याकाळी अक्का सवयीने भाकरी थापायला उठली तर त्या हसून म्हणाल्या, "पैसे देताय ना? मग बसा." अक्का बसली. तिला बसता येईना, हातांचं काय करावं ते कळेना, पण बसली.

आणि मग चाललो! काय सांगू किती चाललो. भातं कापून झालेली, खाचरांच्या बांधावरून वाट, सकाळी गवताने साड्या गुडघ्यापर्यंत भिजायच्या. ओढ्याच्या काठाने वर जायचं, पाय दुखले की कातळावर पसरायचं, भूक लागली की बांधून आणलेली भाकरी खायची. एका खिंडीतून खाली धरणाचं पाणी दिसलं तेव्हा मी मोठ्यांदा डोंगरांची नावं घ्यायला लागले, अगदी वर्गात घेते तशी. अक्का म्हणाली, "चूप बस. देखू दे." इतक्या वर्षांत मला कोणी असं गप्प केलं नव्हतं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी कळसूबाई. उजाडताच निघालो. पहिली लोखंडी शिडी मी डोळे अर्धे मिटून चढले. शेवटच्या शिडीशी मात्र माझे पाय अडले. खाली पाहिलं आणि हात गजाला असा चिकटला की सुटेना. अक्का दोन पायऱ्या वर होती. खाली आली. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला कातळावर बसवलं.

"चल, उतरू," मी म्हटलं. मला वाटलं ती उतरेल. आयुष्यभर दुसऱ्याचे पाय थांबले की ती थांबत आली होती.

तिने मान वर करून शिडी पाहिली. मग म्हणाली, "तू बस. मी जाई येस."

सॅकमधून ओटीचं सामान काढून तिने पदरात बांधलं आणि ती चढू लागली. एकटी. अक्का कधी धुळ्याच्या बाजारातही एकटी गेलेली नाही, कोणीतरी सोबत असतंच; चाळीसगावच्या गाडीतही दाजींनी ओळखीच्या बायकांसोबत बसवून दिलं होतं. तिच्या साडीचा काठ वरच्या पायरीवर दिसेनासा झाला आणि मी तिथे बसून घाबरले, गर्वाने फुगले, पुन्हा घाबरले. वरून उतरणारी कॉलेजची पोरं आली. मी विचारलं, निळ्या साडीतल्या बाई दिसल्या का? "त्या? देवळाच्या मागे बसल्यात," एक जण म्हणाला. "कधीच्या." ऊन चढलं. शेजारच्या टपरीवरच्या सरबतवाल्याने दोनदा माझ्याकडे काळजीने पाहिलं.

ती उतरली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू आडवंतिडवं पसरलं होतं आणि चेहरा असा होता की मला क्षणभर अमळनेरची, परकर नेसणारी अक्का दिसली.

"इतका वेळ काय करत होतीस?"

"काहीच नही." ती धापा टाकत हसली. "ओटी भरी, मंग बशी र्‍हायनी. माले कोनी काहीच इचारं नही. मी बी कोनले इचारं नही. बठ्ठं, सगळं चूप."

तिचे ओठ सुकले होते, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. खाल्लंस का, पाणी प्यालीस का, पाय दुखताहेत का, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर रांगेने उभे राहिले. मी ते गिळले आणि कातळावर थोडं सरकून तिला जागा करून दिली.